कमी ऊर्जेचे लोटन सर

अन्याय झाला तो लोटन त्र्यंबक सोनवणे यांच्यावर. वय बावन्न, राहणार धुळे, कॉलेजात भौतिकशास्त्राचे व्याख्याते. कधी झाला? गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी, दुपारी सव्वातीनला. कुठे झाला? सोनगीरला, किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या कॉलेजच्या दगडी खोलीत. कशाने झाला? पांढऱ्या तेलरंगाने.

एरवी माझं पत्रक इथे संपतं. खाली मागण्या, त्याखाली आमच्या मंडळाचं नाव, आणि स्टेन्सिल फाटेपर्यंत प्रती. पण या माणसाची बाजू एका कागदात मावत नाही. ज्याची बाजू घ्यायची, तो स्वतःच ती समोरच्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मांडत नाही. तेव्हा आधी माणूस सांगते, मग अन्याय.

लोटन सर कुणाच्या दाराची कडी वाजवत नाहीत. दारासमोर जाऊन उभे राहतात. त्यांच्या शेजारच्या पाटीलकाकूंनी एकदा सकाळी दार उघडलं, तर उंबऱ्याशी सर, हातात रिकामी वाटी.

"कधीचे उभे आहात?"

"झाला असेल अर्धा तास."

"अहो, मग कडी नाही का वाजवायची?"

"कडी वाजवली असती तर कडी वाजल्यावर तुमचं घर कसं असतं ते कळलं असतं. एरवी कसं असतं ते नसतं कळलं."

काकूंनी वाटीभर साखर दिली आणि त्या दिवसापासून दार लोटून घ्यायचंच सोडून दिलं.

सरांचा एकच मंत्र: कमी ऊर्जा. रिक्षावाल्याला म्हणतील, "कमी ऊर्जेत घे रे भाऊ." कॅन्टीनच्या पोऱ्याने ग्लास आपटला की, "कमी ऊर्जा." प्राचार्य ओरडायला लागले की हात वर करून, अगदी आशीर्वाद दिल्यासारखं, "कमी ऊर्जा, साहेब." प्राचार्यांचा आवाज त्यानंतर दुप्पट व्हायचा, ते वेगळं. घरी वरण शिजवायचं तर स्टोची वात इतकी बारीक की सकाळी लावलेलं वरण संध्याकाळी उकळी फुटू की नको असा विचार करत असतं. वर्गात ते इतकं हळू बोलतात की पहिल्या बाकावरची दोन मुलं सोडली तर बाकीच्या वर्गाला नुसता ओठांचा सिनेमा दिसतो. "ज्याला ऐकायचं तो ऐकतो," सर म्हणतात. हे धादांत खोटं आहे. मागच्या बाकांवरची मुलं झोपतात, आणि वार्षिक परीक्षेत त्याचा निकाल दिसतो. मी सरांच्या तोंडावर हे सांगितलंय. ते म्हणाले, "झोपलेल्या मुलाला उठवून काय कळणार?"

लग्न झालं नाही. व्हायला आलं होतं. साक्रीकडच्या एका घरी मुलगी पाहायला गेले आणि दोन तास गप्प बसून राहिले. मुलीच्या बापाने तीनदा चहा विचारला, एकदा शेतीचं विचारलं, एकदा पगाराचं. सर नुसते बसलेले. शेवटी त्याने मध्यस्थाला बाहेर नेऊन विचारलं, "हाऊ मुका शे का?" मध्यस्थ म्हणाला, "नही, प्रोफेसर शे." तिथेच फिसकटलं. सरांचं म्हणणं, मुलीला प्रश्न विचारला की ती उत्तर देणारी मुलगी होते, आणि त्यांना तर मुलगी पाहायची होती. या वाक्यावर मी त्यांच्याशी तासभर भांडले. माणसं म्हणजे काही उपकरणं नव्हेत, असं मी ठणकावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उपकरणांनासुद्धा असं नसतं करायचं."

आमची ओळख कशी झाली तेही सांगते, कारण त्यात माझी फजिती आहे आणि फजिती लपवून पत्रक लिहू नये. आमचं मंडळ अंधश्रद्धेविरुद्ध काम करतं. एक दिवस सोनगीरहून निनावी पत्र आलं: एक मास्तर दर अमावस्येला धुळ्याहून येतो, किल्ल्याखालच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतो, आत काहीतरी लोंबकळत ठेवलंय आणि दिवसभर त्याच्याकडे बघत बसतो. गावातल्या म्हाताऱ्या त्या वाटेने जायच्या बंद झाल्यात. मी वाचलं आणि पेटले. सुशिक्षित मास्तर, अमावस्या, लोंबकळती वस्तू! पत्रकाचा मथळा एस. टी.तच तयार झाला. पुढच्या अमावस्येला भर दुपारी मी त्या दारावर दोन्ही मुठींनी बडवलं. "दार उघडा! गावकऱ्यांना जाब हवाय!" गावकरी माझ्यामागे पन्नास पावलं अंतर ठेवून उभे होते.

मग दार चार बोटं उघडलं आणि आतून आवाज आला, "ताई, तुम्ही दार बडवलंत. आता चार तास थांबावं लागेल."

"कशाला?"

"तार स्थिर व्हायला."

मी आत घुसले. खोली निम्मी टेकडीच्या पोटात गेलेली, म्हणून बाहेर ऊन रणरणत असताना आत माठातल्यासारखा गारवा. मधोमध काचेची पेटी. पेटीत वरून एक तार सोडलेली, केसापेक्षाही बारीक. तारेला आडवी काडी. काडीच्या एका टोकाला लिंबाएवढा तांब्याचा गोळा, दुसऱ्या टोकाला संत्र्याएवढा अॅल्युमिनियमचा, दोघांचं वजन एक. काडीला बोटाच्या नखाएवढा आरसा. कंदिलाचा उजेड आरशावर पडून समोरच्या पट्टीवर त्याचा कवडसा उमटायचा. आणि त्या वेळी तो कवडसा, माझ्या मुठींच्या कृपेने, पट्टीवर वेड लागल्यासारखा इकडून तिकडे पळत होता.

हळद नाही, कुंकू नाही, लिंबू नाही. माझ्या पिशवीत अडीचशे पत्रकं.

"बसा," सर म्हणाले. "कमी ऊर्जेत बसा."

चार तासांत त्यांनी मला जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते, कारण त्यांच्या भाषेत ते ऐकूच येत नाही.

हल्ली मोठमोठ्या शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की जगातला प्रत्येक कण म्हणजे एक अतिशय बारीक थरथरणारा तंतू आहे. थरथर वेगळी, म्हणून कण वेगळा. आता हा तंतू इतका बारीक की तो फोडून पाहायचा तर कण एकमेकांवर आपटायला हवेत, आणि आपटायचं तर यंत्र हवं. अमेरिकेत सध्या जमिनीखाली बोगदा खणतायत, धुळ्याहून जळगावला जायचा रस्ता जेवढा, जवळजवळ तेवढ्या लांबीचं कडं. तरी त्यातून तंतू दिसायचा नाही. त्यासाठी आपल्या सगळ्या सूर्यमालेला वेढून बसेल त्याहून मोठं कडं लागेल. म्हणून बहुतेक लोक म्हणतात, हे काही तपासता यायचं नाही.

"मग झालं ना," मी म्हटलं. "तपासता येत नाही ती अंधश्रद्धा." आमच्या मंडळाची ही पहिलीच व्याख्या.

सर हसले. खोलीबाहेर जवळच तांबटआळी आहे, तिकडे बोट दाखवून म्हणाले, "रमण तांबट भट्टीत हात घालून पाहतो का, आत किती तापलंय ते? भांडं गार होऊ देतो आणि टिचकी मारतो. गार भांड्याच्या आवाजावरून तो भट्टीचं सगळं सांगतो. जगसुद्धा एका भट्टीतून निघालंय, ताई, आणि आता गार झालंय. सगळे जण पुन्हा भट्टी पेटवायला निघालेत. मी टिचकी मारतोय."

टिचकी म्हणजे ही तार. तंतूंचं गणित खरं असेल, तर गुरुत्वाकर्षणाच्या जोडीला आणखी एक अतिशय मंद ओढ उरायला हवी, असं त्या गणिताच्या बऱ्याच तऱ्हा सांगतात. आणि ही ओढ पक्षपाती असते. तांब्याला एक वागणूक, अॅल्युमिनियमला दुसरी. सूर्य दोन्ही गोळ्यांना ओढतो. सारखाच ओढत असेल तर काडी जागची हलणार नाही. केसभरही कमीजास्त ओढत असेल तर दिवसभरात काडी वळेल, कवडसा सरकेल, आणि सोनगीरच्या खोलीत बसून तंतूचा माग लागेल. कुठे आपटाआपट नाही.

पक्षपात शोधणारं यंत्र! मला माणूस एकदम आवडला.

"पण अमावस्याच का?"

"तांबट अमावस्येला हातोडा धरत नाहीत. बाकी एकोणतीस दिवस ठणठण."

एवढं साधं होतं. गावाला सुट्टी म्हणून सरांचं काम, आणि सरांचं काम म्हणून गावाला भूत. त्यांच्या वर्षभराच्या नैमित्तिक रजा बरोब्बर अमावस्यांना पुरतात. ज्या वर्षी अधिक महिना येतो त्या वर्षी तेराव्या अमावस्येला बिनपगारी. प्राचार्यांच्या टेबलावर सरांच्या रजेचे अर्ज एकाखाली एक पडलेले असतात, आणि कारणाच्या रकान्यात प्रत्येक अर्जावर तेच: "अमावस्या." पुरोगामी कॉलेज म्हणवणाऱ्या त्या कॉलेजात याची केवढी चर्चा झाली असेल! एकानेही सोनगीरला जाऊन पाहिलं नाही.

मी मात्र जात राहिले. त्यांना एकदा आमच्या मोर्चातही आणलं. घोषणा पाठ करून घेतली, मूठ कशी वळायची ते दाखवलं. सर अत्यंत प्रामाणिकपणे मोर्चाभर घोषणा पुटपुटत चालले. बंदोबस्ताचा एक हवालदार शेवटी त्यांच्या तोंडाशी कान नेऊन म्हणाला, "काय म्हणता काका? काही हवंय का?" दुसऱ्या दिवशी मी रागावले तेव्हा म्हणाले, "पण तो जवळ आला की नाही?"

आता अन्याय.

प्रत्येक कॉलेजात एक नोंदवही असते. तिला डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात. टेबल, खुर्ची, कपाट, नकाशा, जे काही संपून जात नाही ते त्यात चढतं, आणि वर्षातून एकदा कार्यालयातला माणूस रंगाचा डबा घेऊन फिरतो आणि वस्तूवर नंबर आहे की नाही ते पाहतो. नसला तर घालतो. या कॉलेजात ते काम भामरे भाऊसाहेब करतात. इतक्या वर्षांत त्यांनी सोनगीरची खोली उघडली नव्हती. या वर्षी उघडली. सर धुळ्यात तास घेत होते. भाऊसाहेबांनी काचेची पेटी उघडली. आत दोन वस्तू दिसल्या, दोन्हींवर नंबर नाही. वस्तू हलत होत्या, ब्रश नीट चालेना, म्हणून त्यांनी डाव्या हाताने काडी घट्ट धरली. तांब्याच्या गोळ्यावर घातलं भौ/४७/१. अॅल्युमिनियमच्या गोळ्यावर भौ/४७/२. अक्षर सुंदर आहे, हे मी शत्रू असूनही कबूल करते. मग रंग वाळेपर्यंत त्यांनी तार कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी बाजूला ओढून खिळ्याला अडकवली.

सात वर्षं ती तार कुणी ओढली नव्हती. नव्या तारेला पीळ असतो, तो आपोआप उलगडायला वर्षं लागतात. घाई करता येत नाही. त्या सात वर्षांची वाट भाऊसाहेबांनी रंग वाळेपर्यंतच्या वेळात लावली.

मी कार्यालयात जाऊन टेबलावर हात आपटला.

"तुम्हाला काही कळतं का, काय केलंत ते?"

"ताई, चहा घ्या," भाऊसाहेब म्हणाले. "नियम असा आहे, ज्या वस्तूवर नंबर नाही ती वस्तू नाही. उद्या तपासणी आली तर सोनवणे सरांची नोकरी जाईल. मी त्यांना वाचवलंय."

"नंबर काचेवर घालता आला नसता?"

भाऊसाहेबांनी विचार केला. खरंच केला, मला दिसलं. "काच फुटली तर?" ते म्हणाले.

सांगा, अशा माणसाविरुद्ध घोषणा तरी काय द्यायची? दुष्ट असता तर सोपं होतं.

पण प्रकरण तिथे थांबलं नाही. भाऊसाहेबांच्या अहवालात एक वाक्य होतं: "सदर वस्तू लोंबकळत्या अवस्थेत आढळून आल्या." ते संस्थेच्या बैठकीत गेलं. बैठकीने ठरवलं की कॉलेजची कोणतीही जडवस्तू लोंबकळत्या अवस्थेत ठेवता येणार नाही. तार, काडी, गोळे, सगळं संक्रांतीनंतरच्या पहिल्या शनिवारी धुळ्याला आणून कपाट क्रमांक नऊमध्ये जमा करावं. खोलीला कुलूप लावावं.

लोटन सरांनी याला उत्तर म्हणून काय केलं? काही नाही. रमण तांबटाने गोळे पाहिले आणि म्हणाला, "सर, चिंच लाई देस. लख्ख." सर म्हणाले, चिंचेने तांबंही जाईल. मग एका मलमलीसारख्या मऊ कापडाने ते रंग पुसायला बसले. एका अमावस्येत "भौ" गेलं. सत्तेचाळीस अजून बाकी होतं.

माझा संयम संपला. मी त्यांच्यासमोर वही उघडून बसले. "सर, मी लढायला तयार आहे. पण लोकांना सांगायला काहीतरी द्या. सात वर्षांत काय सापडलं?"

"शून्य."

"म्हणजे?"

"कवडसा हलत नाही. तांबं आणि अॅल्युमिनियम, दोघांना एकच वागणूक. मी मोजू शकतो तिथपर्यंत तरी."

मी पेन खाली ठेवलं. शून्यासाठी मोर्चा! सर समजावू लागले की शून्य फुकट नसतं, तंतूंच्या गणिताच्या कितीतरी तऱ्हा या शून्याच्या जोरावर बाद करता येतात, आणि शून्य जितकं बारीक मोजावं तितक्या जास्त बाद होतात. जगात त्यांच्यापेक्षा बारीक मोजणारे पुष्कळ आहेत, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. असा माणूस स्वतःच्या बाजूने साक्षीदार म्हणून निरुपयोगी असतो.

चिडून मी त्यांची नोंदवही ओढली आणि उलटसुलट चाळू लागले. पानापानावर अमावस्या, वेळ, कवडशाची जागा. सगळं एकाच रेघेवर. आणि मग मध्येच मला टेकाड दिसलं. सलग चौदा अमावस्या, दुपारी एकच्या सुमारास कवडसा दहा रेघा डावीकडे जातो आणि पाचला परत येतो.

"हे काय? हे शून्य आहे?"

सरांनी वही आपल्याकडे वळवून घेतली. मग म्हणाले, "ते मलाही वाटलं होतं. अमावस्येला सूर्यचंद्र एका बाजूला येतात. म्हटलं, सापडलं. निबंध लिहून काढला. पोस्टात टाकायला पाकीटही आणलं. पंधराव्या अमावस्येला कवडसा हललाच नाही. मी सगळं तपासलं. दुसऱ्या दिवशी रमण म्हणाला, आई एदलाबादला बहिणीकडे गेलीय."

रमणची आई म्हणजे सोनाअक्का. अमावस्येला हातोडे बंद, मुलं-नातवंडं सगळी घरात, गलका. म्हणून अक्का जेवण झालं की शेंगांनी भरलेलं सूप घेऊन बाहेर पडते आणि सावली बघून एका भिंतीला टेकून बसते. ती भिंत सरांच्या खोलीची. ही तार इतकी हळवी की दोन हात दगडापलीकडे एक बाई येऊन बसली, हेसुद्धा तिला कळतं.

"निबंध?"

"फाडला."

"मग अक्काला सांगायचं ना, दुसरीकडे बस म्हणून!"

"सांगितलं असतं तर ती उठली असती," सर म्हणाले.

मी पुढची पानं पाहिली. त्यानंतरच्या प्रत्येक अमावस्येला शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात नोंद होती. "अक्का आली." "अक्का आली, उशिरा." "अक्का नाही. पाऊस." तिच्या बसण्याचा हिशेब वजा करायचा सरांनी एक रीतसर आकडाच काढला होता, वहीत त्याला "अक्का-दुरुस्ती" म्हटलंय. भौतिकशास्त्रात आणखी कुठे अशी दुरुस्ती असेल असं मला वाटत नाही. पाच वर्षं ही दोन माणसं एकाच भिंतीला, एक आतून आणि एक बाहेरून, महिन्यातून एक दुपार सोबत बसली, आणि एक शब्द बोलली नाहीत.

दिवाळीआधीच्या शेवटच्या पानांवर दहाच्या नऊ रेघा झाल्या होत्या. मग साडेआठ. मग आठ. शेजारी सरांनी लिहिलेलं: "तार तपासली, ठीक." पुढच्या अमावस्येला: "पुन्हा तपासली. तार ठीक." त्यापुढे पानावर काहीच नव्हतं. मी विचारलं, तर सर कापड घेऊन गोळा पुसायला लागले.

पुढचं मला अक्कानेच सांगितलं. अमावस्याच होती. ती भिंतीला टेकून शेंगा फोडत होती, मी जाऊन शेजारी बसले.

"मास्तर गल्लीमां उना," अक्का म्हणाली. "रमणले म्हणे, माय बारीक व्हई राह्यनी, दवाखानामां लई जाय. रमण म्हणे, माय तं बरी शे. मंग मास्तर वरडना ना वं माय! असा वरडना, बठ्ठी गल्ली गप. हातोडा थांबी ग्यात."

लोटन सर ओरडले होते. तांबटआळीत, सगळ्यांदेखत, हातोड्यांच्या वरताण.

"मी इचारं, तुले कसं कळनं रे भाऊ? तो म्हणे, तार सांगस." अक्काने एक शेंग माझ्या हातावर ठेवली. छातीत क्षयाचा डाग निघाला होता. लवकर सापडला, असं डॉक्टर म्हणाले. आता गोळ्या चालू आहेत.

"आता कसं वाटतं, अक्का?"

"बरी शे."

मी उठून आत गेले. कवडसा बंद होता, कंदील विझलेला. सर कापड मांडीवर टाकून भिंतीशी बसले होते, अक्काच्या पाठीच्या नेमके मागे. मी त्यांना म्हटलं, आता तार बिघडली म्हणून काय झालं, बाहेर जा आणि विचारा कशी आहेस ते.

"विचारलं," ते म्हणाले. "बरी शे म्हणते. तेव्हाही तेच म्हणत होती."

ती वजन भरतेय की अजून उतरतेय हे त्यांना दिवाळीपासून माहीत नाही. अक्काला वजनकाट्यावर नेऊन उभी करता येईल, हे मी त्यांना सुचवलं. तालुक्याच्या दवाखान्यात काटा आहे, रमण नेतोही. तिथे ती लुगड्याच्या ओच्यात मूठमूठ शेंगा घालून चढते. डॉक्टरला बरं वाटावं म्हणून.

वाचकहो, मी पत्रकं लिहिते आणि मला मागणी नेमकी करायची सवय आहे. संक्रांतीनंतरच्या शनिवारी ती तार कपाटात जाईल. त्याआधी तुम्ही एक पोस्टकार्ड लिहायचं आहे. लांबलचक नको. तंतूंबद्दल काही लिहू नका, बैठकीला ते कळणार नाही आणि कळवून घ्यायची त्यांना घाई नाही. अन्याय हा शब्दही नको. तो मी पुष्कळदा लिहिलाय. एवढंच लिहा: "सोनगीरच्या खोलीतली तार टांगलेलीच राहू द्या. खोलीची किल्ली लोटन सोनवणे यांच्याकडे द्या." खाली तुमचं नाव आणि गाव. पत्ता मी विचारणाऱ्याला देईन, पण विचारायला याल तेव्हा पोस्टकार्ड लिहूनच या. उद्या नको. आज लिहा.